ओव्याचा वास

रविवारी सकाळच्या गाडीने शेफील्डहून निघते.
टोटलीचा लांबलचक बोगदा संपेपर्यंत
कानातून मशिनांचा सूर जात नाही;
आठवडाभर सोळा खुर्च्यांमधून हिंडत
सोळा माणसांचं रक्त नळ्यांतून फिरताना ऐकलेलं असतं.
हॅदरसेजला उतरते.
पाठीवर काठीची लांब पिशवी,
खाली छातीपर्यंत चढणारी रबरी विजार.
स्टेशनाबाहेरचा कुत्रा मला दर वेळी नव्याने भुंकतो.

काठी बॅगशॉंची.
खुर्ची नंबर सात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास.
डावा हात सुयांना जखडलेला, हलवायचा नाही.
उजव्या हातात चहाचा चमचा धरून त्यांनी मला शिकवलं:
मागे. थांब.
दोरी पाठीमागे पुरती उलगडू दे, पोरी,
मग पुढे.
घाई केलीस तर पाण्याला मारशील.
मी त्या वेळी त्यांचं बीपी लिहून घेत होते.
तीन महिने नदी न बघताच दोरी फेकली,
स्टोअररूममध्ये, नळीचा एक तुकडा घेऊन,
खोक्यांच्या थप्प्यांवर.

माशी मात्र मीच बांधते.
शेपटीला लाल लोकर, गळ्याशी कोंबड्याचं तपकिरी पीस,
अंगभर मोरपिसाचा धागा.
ते मोरपीस माझ्या पाचवीच्या भूगोलात होतं,
पिल्लू देईल म्हणून ठेवलेलं.
चाळीस वर्षांनी दिलं.

वेंगुर्ल्याहून शालनमावशी फोनवर:
"खावचा नाय तर धरतंस कित्याक गो?"
आणि सोडून देतेस? परत? पाण्यात?
पलीकडे तिची सुरी थांबल्याचं ऐकू येतं.
पेडव्याचं डोकंसुद्धा वाया न घालवणारी बाई.
मी म्हणते, मावशी, नेटवर्क जातंय.

पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं,
वरच्या काळ्या पठारातून गाळून आलेलं.
आत उतरलं की ते गुडघ्यांना खांदा लावून ढकलतं,
गर्दीतल्या माणसासारखं नाही,
गोठ्यातल्या म्हशीसारखं.
ऑक्टोबर. आल्डरची पानं हिरवीच गळतात.
एक बुटका पक्षी दगडावर उठाबशा काढतो
आणि सरळ पाण्याखाली चालत जातो.
मागे. थांब.
या थांबण्यात काय काय मावतं:
रजेचा अर्ज, सोळा नंबरचं पोटॅशियम,
कुणाच्या तरी लेकीने दाराबाहेर विचारलेलं "अजून किती दिवस?"
सगळं दोरीबरोबर पाठीमागे उलगडतं,
आणि पुढे येताना
फक्त माशी येते.

बरेचदा काहीच लागत नाही.
फांदी लागते. एकदा माझीच टोपी लागली.

आज लागला.
ग्रेलिंग, वीतभर, पाठीवर जांभळट पंखाचं शीड.
ओल्या हातात धरला, पाण्याबाहेर न काढता.
गळाचा दात आधीच पक्कडीने चेपलेला, अलगद सुटला.
प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवला,
कल्ल्यांची उघडझाप मोजली (सवय),
मग तो नव्हताच.
तळहात नाकाशी नेला.
बॅगशॉ म्हणाले होते, या माशाला थाइमचा वास येतो.
मला तर ओव्याचा आला.
चक्क ओव्याचा, भज्यांच्या पिठातला.
एकटीच हसले, कमरेइतक्या पाण्यात.

सोमवारी सात नंबरला रिपोर्ट द्यावा लागतो.
कुठल्या दगडापाशी? पुलाच्या वर की खाली?
उजेड कसा होता? आधी सावली पाहिलीस की मासा?
चुकवता येत नाही, ते तिथला एकेक भोवरा ओळखतात.
पण हात तर मी तीनदा धुतलेले, कोपरापर्यंत,
वर हातमोजे.
म्हणून घरून छोटी डबी आणली होती.
चिमूटभर ओवा दोन बोटांत चुरडला,
त्यांच्या नाकाशी धरला.

डोळे मिटले त्यांनी.
आणि डावा हात, जो हलवायचा नाही,
कोपरातून वर उठला.
मशीन बोंबलायला लागलं. लाल दिवा.
मी बटणाकडे झेपावले.

"थांब," बॅगशॉ म्हणाले.